दिवा न लागलेली खोली

आशापूरच्या चर्चमध्ये श्वासदिवे बसले त्या रविवारी उपासना संपल्यावर एकही माणूस घरी गेला नाही. एरवी शेवटचा आशीर्वाद मिळायच्या आत चपला शोधणारी मंडळी त्या दिवशी रविवारच्या शाळेच्या व्हरांड्यात गर्दी करून उभी होती. दारांवरच्या लिंबाएवढ्या दिव्यांकडे सगळे माना वर करून बघत होते.

"हा कॅमेरा नाही," विजयमालाबाई ओहोळ पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "हा काही बघत नाही, काही ऐकत नाही. हा फक्त श्वास मोजतो."

बाई एकोणसाठ वर्षांच्या. त्यांनी बत्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं. दोन वर्षांपूर्वी दूरच्या एका चर्चच्या वसतिगृहात मुलांवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. ते वर्षानुवर्षं दडवून ठेवलं गेलं होतं. त्यानंतर प्रत्येक चर्चच्या मंडळीनं बालसुरक्षेसाठी एक माणूस नेमावा असं ठरलं. आशापुरात त्या कामाला कुणी पुढे येईना. 'नसती कटकट' म्हणून सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी बाईंनी हात वर केला. निवृत्त झाल्यापासून नाहीतरी त्यांना करमत नव्हतं.

दिवा त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यानं, अनुग्रह साळवेनं, पुण्यात बनवला होता. विज्ञान साधं होतं. छताला लावलेली एक चकती खोलीत अगदी सौम्य लहरी सोडते. भिंतीवर आपटलेली लहर गेली तशीच परत येते. माणसाच्या छातीवर आपटलेली मात्र किंचित हलून परतते, कारण छाती श्वासाबरोबर काही मिलिमीटर वरखाली होत असते. मोठ्या माणसाची छाती मिनिटाला चौदा-पंधरा वेळा, सावकाश. लहान मुलाची वीस-बावीस वेळा, पाखरासारखी. त्यावरून चकतीला खोलीत मोठी किती नि लहान किती ते कळतं. वाढत्या वयातल्या पोरांच्या बाबतीत ती उंचीचाही अंदाज घेते. दार बंद आहे, आत एक मोठं माणूस आणि एकच मूल आहे, आणि तीन मिनिटं उलटली, की बाहेर पिवळा दिवा लागतो. बास, एवढंच.

"आणि दिवा लागला की काय करायचं? पोलीस बोलवायचे?" मागून कुणीतरी विचारलं.

"दार उघडायचं," बाई म्हणाल्या, "आणि विचारायचं, चहा घेणार का?"

सगळे हसले. हसला नाही तो फक्त एक माणूस. बाईंचे थोरले भाऊ, प्रभुदासमास्तर. सत्तरीचे, पांढऱ्याशुभ्र मिशांचे, चाळीस वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवणारे आणि शिकवणारे. त्यांची संगीताची खोली प्रार्थनेच्या खोलीला लागून होती. आवाजाचा त्रास नको म्हणून ते कायम दार लावून, एकेका मुलाला समोर बसवून शिकवत.

"विजू," ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे आता माझ्यावरही पहारा?"

"दादा, नियम सगळ्यांना सारखा. पाळकसाहेबांच्या खोलीवरही दिवा आहे."

मास्तरांनी आपल्या दारावरच्या दिव्याकडे एकदा बघितलं. छत्री काखेत मारली आणि निघून गेले.

पहिला महिना मोठा मौजेचा गेला. पाळकसाहेबांच्या, म्हणजे रेव्हरंड शांतवन पाटोळ्यांच्या खोलीत एखादं पोर दाखल्यावर सही घ्यायला गेलं आणि साहेब पेन शोधत बसले की दिवा लागे. मग मार्थाआत्या चहाचा कप घेऊन आत शिरत. मार्थाआत्या चर्चच्या स्वयंपाकघरात राबत आणि अख्ख्या कंपाउंडाची खबर ठेवत. चार दिवसांत साहेब म्हणाले, "आत्या, ॲसिडिटी झाली हो. आता दार उघडंच ठेवतो."

मास्तरांच्या खोलीचा दिवा तर सुरुवातीला दिवसातून पाच-सहा वेळा लागे. ते हट्टानं दार उघडं ठेवत नव्हते. मग काय, चहा विचारायला गेलेली माणसं तिथंच टेकू लागली. आधी मार्थाआत्या टेकल्या. त्यांना जन्मात पहिल्यांदा पेटीला हात लावायला मिळाला. मग सलोमी नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीची आई रुग्णालयातली ड्यूटी संपवून येऊन बसू लागली. मग दोघं निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षं एकट्या पोरांना शिकवणाऱ्या मास्तरांपुढे आता दुपारी पंधरा-सतरा जणांचा दरबार भरू लागला. निम्म्यांचे दात पडलेले होते, पण सूर बरे होते.

हे सगळं बघून बाईंचा ऊर भरून आला. आणि त्या भरात त्यांच्या हातून एक चूक झाली. महिनाअखेरीला त्यांनी व्हरांड्यातल्या फळ्यावर एक तक्ता लावला: कुठल्या खोलीचा दिवा किती वेळा लागला. पाळकांची खोली, सात. वाचनालय, तीन. संगीताची खोली, एक्केचाळीस. तरुण संघाची खोली, शून्य.

तरुण संघ चालवायला जोएलसर वर्षभरापूर्वी शहरातून आले होते. चौतिशीचे, हसरे, गिटार वाजवणारे. त्यांच्या खोलीचं दार सताड उघडं, आत दहा-बारा पोरं, सतत गाणी आणि खिदळणं. दिवा लागायचा प्रश्नच नव्हता.

"बघा," लोक तक्त्यासमोर उभं राहून म्हणू लागले, "शिकावं तर जोएलसरांकडून." आणि मग आवाज उतरवून, "मास्तरांचं मात्र... एक्केचाळीस म्हणजे जरा..."

ते 'जरा' मास्तरांच्या कानावर गेलंच. दर रविवारी दुपारी ते बहिणीकडे जेवायला यायचे. वहिनी गेल्यापासूनचा हा शिरस्ता होता. त्या रविवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाही. बाई डबा घेऊन त्यांच्या दारात गेल्या, तर मास्तरांनी डबा घेतला, "बरं आहे" म्हटलं आणि दार लावून घेतलं.

बाईंना वाईट वाटलं, पण आपलं चुकलं असं पटलं नाही. आकडा म्हणजे आकडा. भावासाठी का तक्ता बदलायचा? उलट चौथ्या महिन्यातही शून्य आलं तेव्हा त्यांनी उपासनेत जोएलसरांना पुढे बोलावून टाळ्या वाजवायला लावल्या.

पाच महिने असे गेले. एका शनिवारी सकाळी बाई अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. फाटक वाजलं. मास्तर आत आले. पाच महिन्यांत पहिल्यांदा. फाटकाबाहेर, शेवग्याच्या झाडाखाली सलोमी मान खाली घालून उभी होती.

"विजू, तुझा दिवा लागतो तिथं सगळं गाव डोकावतं," मास्तर उभ्या उभ्याच म्हणाले. "जिथं लागत नाही तिथं कोण डोकावतं?"

"म्हणजे?"

"ही पोरगी तीन आठवडे गात नाहीये. बसते, तोंड हलवते, आवाज नाही. काल सगळे पांगल्यावर व्हरांड्यात तिला विचारलं, कुणी त्रास देतं का गं? तर रडायला लागली. म्हणाली, सांगायचं नाही असं ठरलंय. कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्या, मग सांगते म्हणाली."

"मग? घेतलीस शपथ?"

"नाही. दिवे बसले तेव्हा सगळ्यांचा वर्ग घेतलास, त्यात तूच शिकवलं होतंस ना, गुपित राखायचं वचन द्यायचं नाही म्हणून. मागच्या बाकावर बसून ऐकलं होतं मी. तिला म्हटलं, गुपित ठेवणार नाही, पण सांगायला जाशील तिथं तुझ्याबरोबर येईन. आज सकाळी ती आपणहून आली."

बाईंच्या हातातली वालाची शेंग तशीच राहिली. त्या उठल्या, फाटकापर्यंत गेल्या आणि सलोमीला आत घेऊन आल्या. तिला पाणी दिलं. स्वतः खाली पायरीवर बसल्या आणि ती बोलायची वाट बघत राहिल्या.

सलोमी तुटक तुटक बोलली. जोएलसरांनी तिला एक फोन दिला होता. गाण्याच्या सरावासाठी. आईला सांगू नकोस, बाकीच्यांना हेवा वाटेल, म्हणाले होते. रोज मेसेज येत. आधी सुरांबद्दल. मग तू इतरांपेक्षा वेगळी आहेस. मग आई तुला समजून घेत नाही. मग नको ते प्रश्न. उद्या उपासनेनंतर त्यांनी तिला गाडीतून धरणावर न्यायचं ठरवलं होतं. एकटीला.

"मी फोन घेतला, बाई," ती म्हणाली. "उत्तरंपण पाठवली. माझंच चुकलं ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुझं काहीही चुकलेलं नाही. मोठा माणूस तो आहे. सांभाळायची जबाबदारी त्याची होती. आणि तू आज सांगितलंस, ते फार मोठं काम केलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे."

सलोमीनं पहिल्यांदा वर बघितलं.

बाईंनी पुढे काही खोदून विचारलं नाही. ते विचारायला शिकलेली माणसं वेगळी असतात. त्यांनी तिच्या शब्दांत, तिनं सांगितलं तेवढंच वहीत लिहून घेतलं. सलोमीच्या आईला बोलावून घेतलं. आई रुग्णालयाच्या गणवेशातच धावत आली आणि लेकीला पोटाशी धरून बसली. फोन तसाच, काही न पुसता, पाकिटात ठेवला. मग बालकांच्या मदत क्रमांकावर कळवलं, आणि पाळकसाहेबांकडे गेल्या.

पाटोळेसाहेबांचा चेहरा उतरला. "ओहोळबाई, आधी जोएलला बोलावून विचारू या का? उद्या कापणीच्या सणाची तयारी, सगळी मंडळी येणार. त्याचीही काही बाजू असेल."

"त्याची बाजू पोलीस ऐकतील. आपण विचारलं की तासाभरात तो सगळं पुसून टाकील आणि गाव सोडील. मग दुसऱ्या चर्चमध्ये पुन्हा गिटार. शिवाय साहेब, कळल्यावर न कळवणं हाही गुन्हा आहे. आपल्या दोघांचाही."

साहेबांनी टेबलावरची गाडीची किल्ली उचलली. "चला. पोलीस ठाण्यात मीही येतो. आणि सण पुढं ढकलू."

दुपारी चारच्या आत जोएल पोलिसांच्या ताब्यात होता. चौकशीत कळलं की आधीच्या गावातही दोन मुलींशी असंच चाललं होतं. त्यांनीही आता तोंड उघडलं. सलोमीचं नाव मंडळीत कुणालाही कळू दिलं नाही. लोकांना सांगितलं ते एवढंच की एका लेकरानं धीर केला.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः जाऊन व्हरांड्यातला तक्ता काढत होत्या. चिकटपट्टी निघेना. मास्तर मागून आले आणि नखानं कोपरा सोडवून दिला.

"दादा, मी भौतिकशास्त्राची मास्तरीण," बाई म्हणाल्या. "पोरांकडून बत्तीस वर्षं घोकून घेतलं, थर्मामीटर ताप सांगतो, रोग सांगत नाही. आणि स्वतः मात्र शून्य बघून टाळ्या पिटल्या. त्या माणसानं माझ्या यंत्राचा नियम एकदाही मोडला नाही. यंत्र श्वास मोजत होतं, तो फोनवरून शिकार करत होता. आणि त्या शून्यामुळं तिकडं कुणी फिरकलंच नाही. तुझी मात्र मी अब्रू घालवली."

"अब्रूचं काय घेऊन बसलीस," मास्तर म्हणाले. "मला सतरा शागीर्द मिळाले. त्यातली मार्था तर एवढं बेसूर गाते की बाकीचं काही आठवायला सवडच राहत नाही." मग जरा थांबून, "आज काय केलंयस जेवायला?"

"वालाचं बिरडं."

"मग येतो."

बातमी कळल्यापासून अनुग्रह नव्या यंत्रावर खपत होता; काही आठवड्यांनी तो पुण्याहून आला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. "बाई, माझं यंत्र अपुरं पडलं. पण मी दुसरं केलंय." त्यानं खिशातून रंगीत मनगटी पट्ट्या काढल्या. मुलाच्या हातात बांधायच्या. नाडीचे ठोके आणि तळहाताचा घाम यांवरून पट्टीला भीती कळते. मूल घाबरलं की घरी आणि चर्चमध्ये घंटा वाजते.

मंडळीतल्या बऱ्याच जणांना ती पसंत पडली. बाईंनाही मोह झाला. यंत्रच चुकलं असेल तर दुसरं यंत्र आणू, म्हणजे डोक्याला ताप नाही. पण या खेपेला त्यांनी एक केलं. त्या म्हणाल्या, "ज्यांच्या हातात बांधायची त्यांना विचारू."

रविवारच्या शाळेची त्रेचाळीस पोरं कडुनिंबाखाली गोल करून बसली. मोठ्यांपैकी फक्त बाई, मास्तर आणि अनुग्रह, तेही कडेला. फळ्यावर लिहायचं काम सलोमीनं मागून घेतलं होतं. त्या शनिवारला तीन महिने झाले होते. ती एका समुपदेशक ताईंकडे जात होती, आणि गेल्याच आठवड्यात मास्तरांच्या दरबारात तिनं आलापी घेऊन मार्थाआत्यांना रडवलं होतं.

अनुग्रहनं पट्टी समजावून सांगितली. लगेच एक हात वर गेला. "मला बॅटिंगला जाताना पण भीती वाटते. तेव्हा कोण येणार? पाळकसाहेब?"

"आणि गणिताचा पेपर?"

"आमच्या घरी आजीची भीती वाटते!"

हशा पिकला. दहा मिनिटं कुणाला कशाची भीती वाटते याचीच यादी चालली. पाल, दंतवैद्य, भूत, पुन्हा आजी. अनुग्रह बिचारा हातात पट्टी धरून उभा.

सलोमी फळ्याकडे तोंड करून उभी होती. तशीच, न वळता म्हणाली, "आणि भीती वाटलीच नाही तर?"

"म्हणजे?" अनुग्रहनं विचारलं.

"समजा, माणूस आवडता असला. छान बोलणारा. तर सुरुवातीला भीती वाटतच नाही. उलट मस्त वाटतं. मग तुमची पट्टी काय सांगणार?"

बाईंनी मास्तरांचा हात घट्ट धरला. अनुग्रह हळूच खाली बसला आणि त्यानं पट्टी खिशात घातली. "खरं आहे तुझं," तो म्हणाला. "ते मला मोजता येणार नाही."

"मग काय हवं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

मग मात्र पोरांना कंठ फुटला. शेवंताआजींनी गाल ओढू नयेत. नाताळच्या नाटकात कोकरू कुणी व्हायचं ते आम्ही ठरवणार. कपडे बदलताना कुणी मधे येऊ नये. मोठ्यांनी गुपचूप भेटी देऊ नयेत, द्यायच्या तर सगळ्यांसमोर. सर-बाईंनी मेसेज करायचा तो आई-बाबा असलेल्या गटात. सलोमीचा खडू थांबेना. शेवटी एक बारीकसा मुलगा म्हणाला, "सांगायचं कुणाला ते आम्हाला निवडू द्या. तुम्ही नेमलेलं माणूस आम्हाला आवडेलच असं नाही."

ही कल्पना बाईंना कुठल्या पुस्तकात सापडली नसती. प्रत्येक मुलानं आपली तीन माणसं निवडायची. एक घरातलं, दोन बाहेरची. निवडलेल्यानं तयार असेल तर होकार द्यायचा, आणि मुलाचं ऐकायचं कसं, कुठं कळवायचं, काय वचन द्यायचं नाही, हे बाईंकडे येऊन शिकायचं.

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा कंपाउंडात खळबळ उडाली. पंचमंडळातल्या बड्या बड्या माणसांना एकही चिठ्ठी नव्हती. घंटा वाजवणाऱ्या, कुणाशी चार शब्द न बोलणाऱ्या आबांना नऊ. मार्थाआत्यांना चौदा. प्रभुदासमास्तरांना एकवीस. "एकवीस!" मास्तर चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा मोजत राहिले आणि मग चष्मा पुसायच्या निमित्तानं बाहेर गेले. शिकायच्या वर्गाला सत्तावन्न माणसं आली. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा लोक सतरंजीवर बसले. पाटोळेसाहेब पहिल्या रांगेत वही घेऊन होते. त्यांना दोन चिठ्ठ्या आल्या होत्या आणि तो आकडा वाढवायचाच असा त्यांनी चंग बांधला होता.

पुढं ढकललेला कापणीचा सण शेवटी फेब्रुवारीत झाला. वेदीपुढं उसाच्या मोळ्या, गव्हाच्या ओंब्या, भोपळे, कांद्याच्या माळा, कुणीतरी आणलेली एक जिवंत कोंबडी. मास्तरांच्या दरबारानं चार सुरांत स्तोत्र गायलं, आणि मधल्या कडव्यात सलोमीचा आवाज एकटाच वर चढला तेव्हा तिच्या आईनं शेजारणीचा पदर डोळ्यांना लावला.

जेवणाच्या पंगती उठत होत्या. बाई पत्रावळ घेऊन बसणार, तेवढ्यात समोर सहा वर्षांची जेमिमा येऊन उभी राहिली. फुगलेला घागरा, कपाळाला आठ्या, दोन्ही हात कमरेवर.

"मला तक्रार करायची आहे," ती म्हणाली. "तुम्ही माझ्या तिघांतल्या आहात."

बाईंनी पत्रावळ खाली ठेवली. "बस. कुणाबद्दल?"

"पाळकसाहेबांबद्दल."

आजूबाजूच्या पंगतीतले घास थांबले. वाढपी वरणाची बादली घेऊन जागीच उभा राहिला.

"काय झालं?"

"मला वर बोलावलं, बायबलमधलं वचन म्हणून दाखव म्हणाले. मी नको म्हटलं. तरी हात धरून नेलं. सगळे बघत होते. मला नाही आवडलं."

कुणीतरी हसायला लागलं. बाईंनी एक नजर टाकली तशी हसू विरलं. त्यांनी पिशवीतून वही काढली, तारीख घातली आणि जेमिमाच्या शब्दांत एकेक वाक्य लिहून घेतलं. वाचून दाखवलं. "बरोबर आहे?"

"हो. 'सगळे बघत होते' खाली रेघ मारा."

बाईंनी रेघ मारली.

तोवर पाटोळेसाहेब स्वतःच आले होते. पांढरा झगा सावरत ते तिच्यासमोर मातीत गुडघ्यावर बसले. जिलबीनं हात चिकट झाले होते, ते त्यांनी झग्यालाच पुसले. "जेमिमा, तू नको म्हणालीस आणि मी ऐकलं नाही. चुकलं माझं. माफ करशील?"

जेमिमानं विचार केला. चांगला बराच वेळ केला. साहेबांच्या गुडघ्यांची आता कुरकुर होऊ लागली होती.

"करते," ती म्हणाली. "पण आता खरंच विचारा."

"काय?"

"म्हणून दाखवशील का, असं."

"जेमिमा, वचन म्हणून दाखवशील का?"

"हो!" जेमिमा म्हणाली आणि वाढप्याच्या बाकावर चढून, अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात तिनं म्हणायला सुरुवात केली.